अल्डॉल कंडेन्सेशनचं मेकॅनिझम: कोण देतो, कोण घेतो आणि पाणी कुठून जातं

अल्डॉल कंडेन्सेशन म्हणजे अल्डिहाइडचे किंवा कीटोनचे दोन रेणू बेस किंवा ॲसिडच्या मदतीने जोडले जाऊन पाणी बाहेर पडणं. प्रोपेनॅलच्या दोन रेणूंचं अल्डॉल कंडेन्सेशन लिहायला सांगितलं की बऱ्याच वह्यांत सहा कार्बनची सरळ साखळी सापडते. कुणी हेक्स-२-ईनॅल लिहितं, कुणी हेक्स-३-ईनॅल. कार्बन बरोबर, ऑक्सिजन बरोबर, रेणुसूत्रसुद्धा जुळतं, आणि तरीही उत्तर चूक. खरं उत्तर २-मिथिलपेंट-२-ईनॅल. दादरच्या क्लासमधली बारावीची मुलं असोत नाहीतर कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करणारी, चूक हीच आणि कारणही एकच: मुलं उत्पादनापासून सुरुवात करतात. ‘दोन रेणू शेजारी लिहा, मधून पाणी काढा, उरलेलं जोडा’ ही युक्ती इथेनॅलला चालते, कारण इथेनॅलमध्ये चुकायला दुसरी जागाच नाही. पुढच्याच रेणूवर ती दगा देते.

बारावीला बहुतेक वेळा उत्पादन विचारतात, सीईटीत एका गुणासाठी चार पर्यायांतून ते निवडायचं असतं, बीएस्सीला बाणांसकट मेकॅनिझम, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते, लिहावं लागतं. तिन्हींची तयारी एकच. खालचा क्रम पाळा, मधली पायरी गाळू नका. सोबत दोन रंगांची पेनं घ्या, निळं आणि काळं. कशासाठी ते दुसऱ्या पायरीत कळेल.

१. पेन टेकवण्याआधी: अल्फा हायड्रोजन मोजा

ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन म्हणजे कार्बोनिल कार्बन, आणि त्याला थेट जोडलेला शेजारचा कार्बन म्हणजे अल्फा कार्बन. त्याच्यावर किती हायड्रोजन आहेत तो आकडा रेणूच्या डोक्यावर लिहा. इथेनॅलला ३, प्रोपेनॅलला २, २-मिथिलप्रोपेनॅलला १, २,२-डायमिथिलप्रोपेनॅलला ०. बेंझाल्डिहाइडलाही शून्यच: तिथे शेजारचा कार्बन बेंझीन रिंगचा आहे आणि त्याच्यावर हायड्रोजन नाही. फॉर्माल्डिहाइडला तर अल्फा कार्बनच नाही. कीटोनला दोन बाजू असतात, त्यामुळे आकडेही दोन: ॲसिटोनला ३ आणि ३, ब्यूटेनोनला ३ आणि २, ॲसिटोफिनोनला एका बाजूला ३ आणि रिंगच्या बाजूला ०.

या आकड्यातच निम्मं उत्तर असतं. शून्य असेल तर तो रेणू एनोलेट, म्हणजे अल्फा प्रोटॉन गेल्यावर उरणारा ऋण आयन, बनवू शकत नाही. एक असेल तर अल्डॉल, म्हणजे पाणी जाण्याआधीचं जोडलेलं उत्पादन, बनतो, पण त्यातून नेहमीसारखं पाणी जात नाही. दोन किंवा तीन असतील तर अल्डॉलही बनतो आणि तापवल्यावर पाणीही जातं.

सावध: अल्डिहाइडच्या कार्बोनिल कार्बनवर जो हायड्रोजन आहे तो अल्फा नव्हे. बेस तोच हायड्रोजन ओढतोय असा बाण उत्तरपत्रिकांत फार वेळा दिसतो. तो का निघत नाही हे एकदा समजून घेतलं की चूक पुन्हा होणार नाही. अल्फा कार्बनवरून प्रोटॉन निघाला की मागे राहिलेली इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बोनिलच्या पाय (π) बंधातून, म्हणजे दुहेरी बंधातल्या दुसऱ्या बंधातून, थेट ऑक्सिजनपर्यंत पसरते. ऋण प्रभार ऑक्सिजनसारख्या अणूवर गेला की एनोलेट स्थिर होतो. अल्डिहाइडच्या स्वतःच्या हायड्रोजनचा बंध कार्बोनिलच्या प्रतलात असतो आणि पाय बंध त्या प्रतलाच्या वर-खाली. तिथली जोडी पसरायला वाटच नाही.

या पसरण्याची ताकद पीकेएच्या आकड्यात दिसते: आकडा जितका लहान तितका प्रोटॉन सहज सुटतो. साध्या इथेनचा पीकेए ५० च्या आसपास, इथेनॅलच्या अल्फा हायड्रोजनचा सुमारे १७, ॲसिटोनचा १९ ते २०. पाण्याचा १५.७. म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडसारखा साधा बेस हा प्रोटॉन काढू शकतो, पण थोड्याच रेणूंचा. बाकीचे बहुतेक रेणू जसेच्या तसे राहतात. हे लक्षात असू द्या, लगेच लागणार आहे.

२. कोण देणारा, कोण घेणारा

अल्डॉलमध्ये दोन रेणूंची कामं वेगवेगळी असतात. एक एनोलेट बनून इलेक्ट्रॉन देतो, दुसरा कार्बोनिल कार्बनवर ते घेतो. दोन्ही रेणू इथेनॅलचे असले तरी कामं वेगळीच. देणारा निळ्या पेनाने काढा, घेणारा काळ्या पेनाने, आणि शेवटच्या उत्पादनापर्यंत रंग बदलू नका.

देणाऱ्याचं कार्बोनिल शेवटपर्यंत शाबूत राहतं. घेणाऱ्याच्या कार्बोनिलचा ऑक्सिजन आधी ओएच होतो आणि मग पाण्यासोबत निघून जातो. शेवटच्या उत्पादनातला सीएचओ निळा दिसला पाहिजे. काळा दिसला तर मध्ये कुठेतरी दोघांची अदलाबदल झाली आहे.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात: सगळे रेणू एनोलेट बनले तर घेणारा कोण उरेल? उत्तर पहिल्या पायरीतल्या पीकेएमध्ये आहे. हायड्रॉक्साइडने एका वेळी फार थोडे रेणू एनोलेट होतात, म्हणून घेणारे भरपूर उरतात. बेस तुलनेने सौम्य असणं इथे सोयीचंच ठरतं.

३. बेसमधली पहिली पायरी: प्रोटॉन काढणं

हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजनवरच्या जोडीपासून बाण काढा आणि तो अल्फा हायड्रोजनवर संपवा. दुसरा बाण त्याच कार्बन-हायड्रोजन बंधापासून सुरू होऊन अल्फा कार्बन आणि कार्बोनिल कार्बन यांच्या मध्ये येतो. तिसरा बाण कार्बोनिलच्या पाय बंधापासून ऑक्सिजनवर. तीन बाण, एकाच दिशेने वाहणारे. बाजूला पाणी तयार होतं.

एनोलेट दोन प्रकारे काढता येतो: प्रभार कार्बनवर किंवा प्रभार ऑक्सिजनवर. दोन्ही एकाच आयनची रेझोनन्स रूपं आहेत, म्हणून त्यांच्यामध्ये दुतोंडी बाण काढायचा, समतोलाचे दोन अर्धे बाण नव्हे. ऑक्सिजनवर प्रभार असलेलं रूप जास्त खरं, पण पुढच्या पायरीत नवा बंध कार्बन बनवतो.

सावध: बाण हायड्रोजनपासून हायड्रॉक्साइडकडे काढू नका. बाण इलेक्ट्रॉनांचा प्रवास दाखवतो, अणूचा नाही. म्हणून तो सुटतो मोकळ्या जोडीपासून किंवा बंधापासून, आणि पोचतो अणूवर किंवा दोन अणूंच्या मध्ये. एवढा एक नियम पाळला तरी बीएस्सीच्या पेपरातले मेकॅनिझमचे बरेच गुण वाचतात.

आणखी एक गोष्ट. हायड्रॉक्साइड कार्बोनिल कार्बनवर हल्ला करत नाही का? करतो. अल्डिहाइडवर तो चढतो आणि उतरतो, सतत. ती वाट उलटसुलट आहे आणि अल्फा हायड्रोजन असलेल्या अल्डिहाइडला सौम्य बेसमध्ये तिथून पुढे कुठे जाता येत नाही. म्हणून मेकॅनिझममध्ये ती पायरी लिहायची नाही.

४. हल्ला

निळ्या एनोलेटच्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधापासून बाण काढा आणि काळ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनवर आणा. त्याच वेळी निळ्या ऑक्सिजनवरची जोडी खाली येऊन निळं कार्बोनिल परत बनवते, आणि काळ्या कार्बोनिलचा पाय बंध काळ्या ऑक्सिजनवर जातो. आता काळ्या ऑक्सिजनवर ऋण प्रभार आहे. हाच अल्कॉक्साइड.

प्रोपेनॅलवर इथेच घोळ होतो, म्हणून हे एकदा सावकाश करू या. निळा रेणू: सीएच३–सीएच२–सीएचओ. अल्फा म्हणजे मधला सीएच२. नवा बंध या मधल्या कार्बनला लागणार, टोकाच्या मिथिलला नाही. काळ्या रेणूचा जो कार्बन नवा बंध घेतो तो त्याचा सीएचओचा कार्बन, त्याच्यामागे इथिल गट आहे. आता निळ्या सीएचओपासून मोजा. १: निळा सीएचओ. २: निळा मधला कार्बन, ज्याच्यावर निळा मिथिल लोंबतोय. ३: काळा कार्बन, त्याच्यावर ऑक्सिजन. ४ आणि ५: काळे इथिल कार्बन. मुख्य साखळी पाच कार्बनची, दुसऱ्यावर मिथिलची फांदी. प्रोटॉन मिळाल्यावर हे ३-हायड्रॉक्सी-२-मिथिलपेंटेनॅल.

सरळ साखळी लिहिणारा विद्यार्थी टोकाच्या मिथिलवरचा हायड्रोजन काढत असतो. तो अल्फाच्या पुढच्या कार्बनवरचा, म्हणजे बीटा हायड्रोजन. तिथून प्रोटॉन काढला तर ऋण प्रभार कार्बोनिलपर्यंत पसरत नाही, आणि बेसला तो काढणं जमतच नाही. बहुतेक अल्डिहाइडच्या अल्डॉलमध्ये दुसऱ्या कार्बनवर फांदी येते, इथेनॅल हा अपवाद आहे. अपवाद आधी शिकवला जातो आणि मुलं त्यालाच नियम धरून बसतात.

५. प्रोटॉन परत

अल्कॉक्साइड पाण्यातून प्रोटॉन घेतो, अल्डॉल तयार होतो आणि हायड्रॉक्साइड परत मिळतो. म्हणून बेस इथे उत्प्रेरक आहे. ‘एच+ घेतो’ असं लिहू नका. बेसी द्रावणात मोकळा एच+ जवळजवळ नसतोच, प्रोटॉन पाण्याकडूनच येतो आणि बाणही पाण्याच्या हायड्रोजनवरच जायला हवा.

ताळा: अल्डॉलचं रेणुसूत्र म्हणजे दोन्ही रेणूंची निव्वळ बेरीज. इथेनॅल सी२एच४ओ, अल्डॉल सी४एच८ओ२. ओएच कार्बोनिलपासून तिसऱ्या कार्बनवर, म्हणजे बीटा जागी आला पाहिजे. इतर कुठेही आला तर चौथ्या पायरीकडे परत जा.

इथपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उलटतात. अल्डिहाइडमध्ये समतोल अल्डॉलकडे बऱ्यापैकी झुकतो, कीटोनमध्ये नाही. ॲसिटोनपासून होणारं डायॲसिटोन अल्कोहोल, म्हणजे ४-हायड्रॉक्सी-४-मिथिलपेंटेन-२-ओन, समतोलात अगदी थोडं असतं. ते जमवायचं असेल तर जुनी आणि हुशार पद्धत आहे: बेरियम हायड्रॉक्साइड फ्लास्कच्या वर बसणाऱ्या सॉक्सलेट उपकरणाच्या थिंबलमध्ये, म्हणजे सच्छिद्र नळकांड्यात, ठेवायचं. खालच्या फ्लास्कमधून फक्त ॲसिटोन वर उकळतो, बेसला भेटतो, आणि तयार झालेलं उत्पादन खाली उतरतं. खाली बेस नाही, म्हणून ते परत मोडत नाही.

६. पाणी जाणं: कंडेन्सेशन इथे पूर्ण होतं

अल्कोहोलमधून पाणी काढायला एरवी तीव्र ॲसिड लागतं. हायड्रॉक्साइड हा सुटून जाणारा गट म्हणून वाईट आहे. मग बेसमध्ये तो कसा जातो? दोन टप्प्यांत. आधी बेस अल्डॉलचा अल्फा हायड्रोजन काढतो आणि नवा एनोलेट बनतो. मग एनोलेटच्या इलेक्ट्रॉनांनी अल्फा आणि बीटा कार्बनमध्ये दुहेरी बंध बनवताच बीटावरचा ओएच बाहेर ढकलला जातो. या वाटेला ई१सीबी म्हणतात. आधी प्रोटॉन जातो आणि मग गट जातो, हा क्रम उलटा लिहू नका. बीटा कार्बनवर धन प्रभार दाखवणारं कार्बोकॅटायन बेसी मेकॅनिझममध्ये कुठेही येत नाही.

हे सोपं होतं याची दोन कारणं: अल्फा हायड्रोजन आधीच आम्लधर्मी आहे, आणि तयार होणारा दुहेरी बंध कार्बोनिलशी संयुग्मित असतो, म्हणजे दोघांमध्ये एकच एकेरी बंध असल्याने त्यांचे इलेक्ट्रॉन एकत्र पसरतात. इथेनॅलपासून ब्यूट-२-ईनॅल, प्रोपेनॅलपासून २-मिथिलपेंट-२-ईनॅल, ॲसिटोनपासून ४-मिथिलपेंट-३-ईन-२-ओन म्हणजे मेसिटिल ऑक्साइड. जिथे सिस आणि ट्रान्स दोन्ही शक्य आहेत तिथे मोठे गट एकमेकांपासून लांब असलेलं रूप मुख्य.

ताळा: दुहेरी बंध निळ्या अल्फा कार्बन आणि काळ्या कार्बोनिल कार्बनच्या मध्ये हवा. दोन हायड्रोजन निळ्या अल्फावरून गेले, ऑक्सिजन काळ्यावरून गेला. म्हणूनच देणाऱ्याला किमान दोन अल्फा हायड्रोजन हवेत.

२-मिथिलप्रोपेनॅलला एकच होता, तो एनोलेट बनवतानाच खर्च झाला. त्यामुळे उत्तर ३-हायड्रॉक्सी-२,२,४-ट्रायमिथिलपेंटेनॅलवर थांबतं. ‘तापवा’ असं प्रश्नात लिहिलेलं असलं तरीही. हा सापळा स्पर्धा परीक्षांत आवडीचा आहे.

७. ॲसिडमध्ये हीच गोष्ट, वेगळ्या पात्रांनी

मेकॅनिझम कोणत्या माध्यमात आहे ते प्रश्नात आधी अधोरेखित करा. बेसी माध्यमात धन प्रभाराचे मध्यस्थ नाहीत, ॲसिडी माध्यमात एनोलेट किंवा अल्कॉक्साइड नाहीत. दोन्हींची मिसळ झालेलं उत्तर तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं.

ॲसिडमध्ये आधी कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन बसतो. मग पाण्यासारखा दुर्बळ बेस अल्फा हायड्रोजन काढतो आणि एनोल, म्हणजे दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच असलेलं रूप, तयार होतो. एनोल हा एनोलेटपेक्षा दुबळा न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, आहे, म्हणून घेणाऱ्यालाही मदत लागते: काळ्या कार्बोनिलवरही प्रोटॉन बसलेला हवा. एनोलचा दुहेरी बंध त्या कार्बनवर जातो, निळ्या ऑक्सिजनची जोडी खाली येते, आणि निळ्या कार्बोनिलवर उरलेला प्रोटॉन शेवटी पाणी घेऊन जातं. पुढे अल्डॉल पुन्हा एनोल होतो, ओएचवर प्रोटॉन बसून तो पाणी म्हणून सहज निघतो. ॲसिडमध्ये गोष्ट अल्डॉलपाशी थांबवणं अवघड, बहुतेक वेळा थेट संयुग्मित उत्पादनच मिळतं.

ब्यूटेनोनसारखा दोन वेगळ्या बाजूंचा कीटोन असेल तर माध्यमाने उत्तरही बदलतं. बेंझाल्डिहाइडबरोबर बेसमध्ये मिथिलची बाजू जोडली जाते, ॲसिडमध्ये जास्त फांद्यांच्या एनोलमुळे सीएच२ची बाजू.

८. क्रॉस अल्डॉल: चार उत्पादनं कुठून येतात

इथेनॅल आणि प्रोपेनॅल एकत्र केले की दोघेही देणारे आणि दोघेही घेणारे होऊ शकतात. पाठ करू नका, मांडणी करा. देणारा इथेनॅल, घेणारा इथेनॅल: ब्यूट-२-ईनॅल. देणारा प्रोपेनॅल, घेणारा प्रोपेनॅल: २-मिथिलपेंट-२-ईनॅल. देणारा इथेनॅल, घेणारा प्रोपेनॅल: पेंट-२-ईनॅल. देणारा प्रोपेनॅल, घेणारा इथेनॅल: २-मिथिलब्यूट-२-ईनॅल. शेवटच्या दोघांचं रेणुसूत्र एकच, नावं वेगळी. दोन रंगांची सवय असेल तर ती कधीच मिसळत नाहीत.

कागदावर हा प्रश्न चांगला, प्रयोगशाळेत असं मिश्रण काही कामाचं नाही. उपयोगी क्रॉस अल्डॉलसाठी एकाला अल्फा हायड्रोजन नसावा आणि त्याचं कार्बोनिल घ्यायला तयार असावं. बेंझाल्डिहाइड आणि ॲसिटोफिनोन यांच्यापासून १,३-डायफिनिलप्रोप-२-ईन-१-ओन, म्हणजे चाल्कोन, असंच मिळतं. या प्रकाराला क्लेझेन-श्मिट म्हणतात. करताना बेंझाल्डिहाइड आणि बेस आधी घ्या, कीटोन हळूहळू घाला, म्हणजे कीटोनला कीटोन भेटण्याची संधी कमी.

सावध: अल्फा हायड्रोजन नसलेला अल्डिहाइड एकटाच आणि बेस तीव्र, साधारण ५० टक्क्यांचा, असेल तर प्रश्न अल्डॉलचा नसून कॅनिझारोचा आहे, म्हणजे एका रेणूचं अल्कोहोल आणि दुसऱ्याचा ॲसिडचा क्षार होण्याचा. फॉर्माल्डिहाइड आणि इथेनॅलच्या जोडीत तर दोन्ही घडतात: तिन्ही अल्फा हायड्रोजनांच्या जागी एकेक अल्डॉल होतो आणि उरलेला सीएचओ क्रॉस कॅनिझारोने अल्कोहोल होतो. मिळतं ते पेंटाएरिथ्रिटॉल.

दोघांनाही अल्फा हायड्रोजन असतील आणि तरी एकच उत्पादन हवं असेल, तर हायड्रॉक्साइड सोडून एलडीए, म्हणजे लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड हा फार तीव्र बेस, वापरतात. त्याच्या संयुग्मी ॲसिडचा पीकेए ३६ च्या आसपास, म्हणून उणे ७८ अंशांवर कोरड्या द्रावकात कीटोन जवळजवळ पूर्णपणे एनोलेट होतो. मग दुसरा अल्डिहाइड घालायचा. कोण देणारा हे इथे आपण ठरवतो.

९. एकाच रेणूत दोन कार्बोनिल

दोन रंग इथे एकाच रेणूच्या दोन टोकांना द्या आणि कार्बनना आकडे घाला. हेक्सेन-२,५-डायओनमध्ये पहिल्या कार्बनने पाचव्यावर हल्ला केला तर रिंगमध्ये १, २, ३, ४, ५ येतात, पाच जणांची रिंग. तिसऱ्याने पाचव्यावर केला तर तीन जणांची, तिच्यात ताण फार. उत्तर ३-मिथिलसायक्लोपेंट-२-ईनोन. हेप्टेन-२,६-डायओनमध्ये पहिला सहाव्यावर गेला की सहाची रिंग, तिसरा गेला की चारची. उत्तर ३-मिथिलसायक्लोहेक्स-२-ईनोन. सगळे अल्फा कार्बन तपासा, प्रत्येकाची रिंग मोजा, पाच किंवा सहा देणारा निवडा. ‘अंदाजाने गोल काढला’ असं करू नका, नावात मिथिलची जागा चुकते.

१०. प्रयोगशाळेत: डायबेंझालॲसिटोन

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमधली ही तयारी वरच्या मेकॅनिझमची उत्तम परीक्षा आहे. ॲसिटोनला दोन्ही बाजूंनी अल्फा हायड्रोजन, बेंझाल्डिहाइडला एकही नाही. त्यामुळे ॲसिटोन दोनदा देणारा होतो आणि दोन बेंझाल्डिहाइड घेतात. उत्पादन १,५-डायफिनिलपेंटा-१,४-डायईन-३-ओन, पिवळं.

मुंबईत दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या बाटली उघडल्यावर काही मिनिटांतच ओलसर होतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही घेतात, म्हणून वजन झटपट करा आणि चिकटलेल्या गोळ्या घेऊ नका. दुसरं म्हणजे बेंझाल्डिहाइडची बाटली. तोंडाशी पांढरे स्फटिक दिसले तर ते बेंझॉइक ॲसिड आहे, हवेतल्या ऑक्सिजनने झालेलं. ते बेस खाऊन टाकतं. असं बेंझाल्डिहाइड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊनच वापरा.

२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली पाण्यात विरघळवून थंड करा, मग १६ मिली इथेनॉल घाला. वेगळ्या परीक्षानळीत २.१ ग्रॅम बेंझाल्डिहाइड, म्हणजे सुमारे २ मिली, आणि ०.५८ ग्रॅम ॲसिटोन, म्हणजे साधारण ०.७३ मिली, एकत्र करा. मोलचं प्रमाण दोनास एक. बेसचं तापमान २० ते २५ अंश ठेवा. मुंबईच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात साधा नळाचा गार पाण्याचा टब पुरत नाही, बर्फ घाला.

मिश्रणाचा अर्धा भाग ढवळत घाला. दोन-तीन मिनिटांत आधी गढूळपणा आणि मग पिवळा, कापसासारखा भुगा दिसू लागतो. पंधरा मिनिटांनी उरलेला अर्धा घाला आणि आणखी अर्धा तास ढवळत राहा. गाळा आणि गार पाण्याने धुवा, जोपर्यंत गाळलेलं पाणी लाल लिटमसला निळं करणं थांबवत नाही तोपर्यंत. इथे घाई करणाऱ्यांचं उत्पादन गरम द्रावकात घातल्यावर तपकिरी होतं, कारण उरलेला बेस तिथे आपलं काम चालू ठेवतो. पुनर्स्फटिकीकरण गरम इथेनॉलमधून, वॉटर बाथवर. इथेनॉल आणि ॲसिटोन दोन्ही पेट घेतात, बर्नरची ज्योत जवळ नको. डोळ्यांवर गॉगल पहिल्या वजनापासूनच.

सावध: ॲसिटोन अंदाजाने ओतू नका. ते जास्त झालं तर एकाच बाजूने जोडलेलं बेंझालॲसिटोन मिळतं, ४-फिनिलब्यूट-३-ईन-२-ओन. त्याचा वितळणबिंदू ४० अंशांच्या आसपास असल्याने ते भुग्याऐवजी तेलासारखं सुटतं आणि गाळताना कागदाला चिकटतं.

सैद्धांतिक उत्पादन सुमारे २.३ ग्रॅम. पूर्ण वाळल्यावर वितळणबिंदू ११० ते ११२ अंश आला तर काम नीट झालं. शंभराच्या खाली आणि पसरट आला तर आधी पुन्हा वाळवून बघा, दमट हवेत कागदावर ठेवलेला भुगा रात्रभरातही ओला राहतो. तरीही खालीच राहिला तर आत बेंझालॲसिटोन आहे, मग पुन्हा एकदा इथेनॉलमधून स्फटिक काढा.